पाय चालते राहावेत म्हणून

उन्हाळ्याच्या दिवसांत नागपूर शहर सूर्योदयापूर्वीच जागे होते. मे महिन्यात येथील पारा अनेकदा ४५ अंशांच्या वर चढतो. यास्तव ज्यांना फिरावयास जावयाचे असते, ते पहाटेच्या गारव्यातच घराबाहेर पडतात. सेमिनरी टेकडीच्या झाडीतील रस्त्यावर, अंबाझरी तलावाच्या परिसरात, महाराजबागेत अशा वेळी जी माणसे दिसतात, त्यांतील कितीतरी साठी-सत्तरी ओलांडलेली असतात. कोणी काठी टेकीत सावकाश चालतात, कोणी झपझप पुढे जातात, तर कोणी एक फेरी झाली की क्षणभर बाकावर विसावतात. त्यांना कोणाशी शर्यत लावावयाची नसते. आपल्या पायांनी, आपल्या इच्छेने, हवे तेथे जाता यावे, एवढीच त्यांची इच्छा असते.

तरुण माणसाला ही इच्छा फार लहान वाटेल. मूल वर्षाच्या सुमारास पहिले पाऊल टाकते आणि पुढे पन्नास-साठ वर्षे चालण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. श्वास घ्यावा तितक्या सहजतेने मनुष्य चालत असतो. ही शक्ती केवढी मोलाची आहे हे ती कमी होऊ लागल्यावरच ध्यानात येते.

महालातील एखाद्या जुन्या घरात राहणाऱ्या आजीचे उदाहरण घ्यावे. पूर्वी ती सीताबर्डीवरील टेकडीच्या गणपतीला पायी जात असे. पुढे तिचे गुडघे दुखू लागले, म्हणून ती रिक्षाने जाऊ लागली. काही दिवसांनी रिक्षात चढणेही नकोसे झाले, तेव्हा तिने देवळात जाणे सोडले. नंतर बाजार सुटला, मग शेजारणीकडचे जाणे सुटले. शेवटी घराच्या तीन पायऱ्या उतरून अंगणातील तुळशीला पाणी घालणेही नातीकडे आले. घरातील सर्वांचे आजीवर प्रेम असते. “आजी, तू ऊठू नकोस, मी आणून देते,” असे नात म्हणते. “आई, तुम्ही बसा, मी करते,” असे सून म्हणते. या बोलण्यात माया असते, आदरही असतो. तथापि आजीचे जग मात्र शहरापासून गल्लीपर्यंत आणि गल्लीपासून खाटेपर्यंत आक्रसत गेलेले असते.

हे असे का होते? केवळ वय वाढले म्हणून होते, असे म्हणणे पुरेसे नाही. त्यामागे शरीराचे काही नियम आहेत.

गुडघा हा शरीरातील एक मोठा सांधा आहे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड येथे एकमेकांना भेटतात. त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. त्यामुळे हाडावर हाड घासत नाही. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, त्यावर भार आला आणि भार हलका झाला, म्हणजे तो द्रव कूर्चेतून आत-बाहेर होतो व तिला पोषण मिळते. अर्थात सांध्याची हालचाल थांबली, तर त्याचे पोषणही मंदावते.

या सांध्यावर पडणारा भार आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ अधिक असतो. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार येतो आणि जिना चढता-उतरताना तो आणखी वाढतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात गुडघेदुखी असलेल्या व वजन अधिक असलेल्या वयस्क लोकांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराचे वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे तीत आढळून आले.

या आकड्याचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या आजोबांचे वजन पाच किलोंनी कमी झाले. म्हणजे प्रत्येक पावलाला त्यांच्या गुडघ्यावरील भार वीस किलोंनी उतरला. एक किलोमीटर चालताना त्यांचा एक पाय सुमारे आठशे वेळा जमिनीवर पडतो, असे धरू. तेव्हा एका किलोमीटरच्या चालीत त्या एका गुडघ्यावरचा एकूण १६,००० किलो भार वाचला. ज्वारीचे पोते शंभर किलोंचे धरले, तर ही एकशे साठ पोती झाली. वजनकाट्यावर जे पाच किलो क्षुल्लक दिसतात, ते गुडघ्याच्या दृष्टीने एवढे मोठे ओझे असते.

परंतु भार ही या प्रश्नाची एक बाजू झाली. तो भार पेलणारे जे स्नायू, त्यांची अवस्था ही दुसरी बाजू होय. मांडीचे, पोटरीचे आणि नितंबाचे स्नायू मनुष्याला उभे करतात, पुढे नेतात आणि तोल जाऊ लागला की सावरतात. मध्यम वयापासून स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर ही झीज अधिक जाणवू लागते. त्यात बसून राहण्याची भर पडली म्हणजे ती फार वेगाने होते. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगण्यात आले होते. केवळ दहा दिवसांत त्यांच्या पायांतील मांसपेशींचे वजन सरासरी जवळजवळ एक किलोने घटले. ही माणसे आजारी नव्हती. त्यांनी फक्त पायांना काम दिले नव्हते.

आता आजीच्या घरात काय घडले, याचा उलगडा होतो. गुडघा दुखला म्हणून ती बसली. बसल्यामुळे मांडीचे स्नायू दुबळे झाले. हालचाल घटली पण जेवण तेवढेच राहिले, म्हणून वजन वाढले. दुबळ्या स्नायूंवर अधिक भार आला, त्यामुळे गुडघा अधिक दुखू लागला आणि ती अधिक बसू लागली. हे एक चक्र आहे. घाण्याचा बैल जसा फिरून फिरून त्याच जागी येतो, तसे यात सापडलेले माणूस पुन्हा पुन्हा खाटेकडेच येते. आणि प्रत्येक फेरीत त्याची शक्ती थोडी कमी झालेली असते.

हे चक्र दोन ठिकाणी तोडता येते. एक म्हणजे अनावश्यक वजन कमी करणे आणि दुसरे म्हणजे स्नायूंना काम देणे. मग प्रश्न असा की, या दोहोंपैकी अधिक उपयुक्त काय? अमेरिकेतील सेंट लुईस शहरी डॉक्टरांनी याच प्रश्नाचा शोध घेतला. ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या १०७ स्थूल व्यक्तींचे त्यांनी चार गट केले. पहिल्या गटाच्या दिनक्रमात काही बदल केला नाही. दुसऱ्या गटाचा आहार आखून कमी केला. तिसऱ्या गटाला आठवड्यातून तीन दिवस व्यायाम दिला. चौथ्या गटाला आहार व व्यायाम ही दोन्ही पथ्ये सांगितली. असे एक वर्ष चालले. पुस्तक उचलून फळीवर ठेवणे, कोट घालणे व काढणे, जमिनीवरील नाणे उचलणे, खुर्चीवरून उठणे, जिना चढणे अशा रोजच्या कामांत प्रत्येकाची परीक्षा घेऊन गुण देण्यात आले.

२०११ मध्ये या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांचा केवळ आहार बदलला होता, त्यांच्या गुणांत १२ टक्के वाढ झाली. ज्यांनी केवळ व्यायाम केला, त्यांचे गुण १५ टक्क्यांनी वाढले. ज्यांनी दोन्ही केले, त्यांचे गुण २१ टक्क्यांनी वाढले. पहिल्या गटात वाढ अवघी एक टक्का होती. आणखीही एक गोष्ट दिसून आली. केवळ खाणे कमी करून ज्यांनी वजन उतरवले, त्यांच्या अंगातील चरबीबरोबर स्नायूही घटले आणि कंबरेजवळील हाडे विरळ झाली. व्यायामाची जोड असलेल्या गटात ही हानी कमी होती. यावरून असे दिसते की, उपास करून वजन उतरवणे वृद्धांच्या हिताचे नाही. ओझे तर उतरले पाहिजे, पण ते वाहणारा गडी अशक्त होता कामा नये.

यावर कोणी म्हणेल, “आता या वयात व्यायाम करून काय होणार?” अशी शंका घेणाऱ्यांसाठी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला बोस्टन शहरातील एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथील एका वृद्धनिवासातील नव्वदीच्या घरातील दहा जणांना आठवडे आठ, पायाने वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली देण्यात आला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरी अडीच पटींहून अधिक झाले. त्यांतील दोघांना तर चालताना काठीची गरज उरली नाही. नव्वदाव्या वर्षीही स्नायू आपले काम विसरलेले नसतात.

पुढे २०१४ मध्ये याहून पुष्कळ मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष हाती आले. त्यात ७० ते ८९ वर्षे वयाचे, फारशी हालचाल न करणारे १,६३५ लोक सहभागी झाले होते. निम्म्यांना चालणे, पायांना बळ देणारे व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव देण्यात आला. उरलेल्यांना आरोग्याविषयी व्याख्याने ऐकविण्यात आली. कोणाच्याही मदतीवाचून ४०० मीटर चालता येणे, ही कसोटी होती. सुमारे अडीच वर्षांनंतर व्याख्याने ऐकणाऱ्या दर शंभरातील पस्तीस-छत्तीस जण या कसोटीत कधी ना कधी अनुत्तीर्ण झाले होते. व्यायाम करणाऱ्यांत ही संख्या तीस होती. व्यायामाने म्हातारपण थांबत नाही, हे यातून दिसतेच. तरीही शंभरांतील पाच माणसांचे चालणे टिकले, ही त्या पाच घरांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

विदर्भात या विचाराची परंपरा जुनी आहे. नागपुरात जनार्दनस्वामींनी १९५१ मध्ये योगाभ्यासी मंडळाची स्थापना केली, तेव्हा ते स्वतः साठीच्या उंबरठ्यावर होते. रामनगरातील या मंडळाने स्त्री-पुरुषांना, लहान-थोरांना योगासने शिकविण्याचे कार्य पुढे चालू ठेवले.

नागपूरपासून जवळच, वर्ध्याशेजारी धाम नदीच्या काठी पवनार आहे. १९३८ मध्ये आचार्य विनोबा भावे तेथे राहावयास आले, त्या वेळी त्यांची प्रकृती फार क्षीण झाली होती. तेथे त्यांनी शेतात खोदण्याचे काम थोडे थोडे सुरू केले आणि हळूहळू वाढविले. त्या श्रमाने त्यांची प्रकृती सुधारली व उतरलेले वजन वाढले. पुढे १९५१ च्या मार्च महिन्यात ते हैदराबादजवळील संमेलनासाठी पायी निघाले. त्याच प्रवासात एप्रिलमध्ये पोचमपल्ली या गावी भूदान चळवळीचा आरंभ झाला. त्या वेळी त्यांचे वय ५५ वर्षांचे होते. तेथून त्यांची पदयात्रा भारतभर चालू राहिली आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये ते पवनारला परतले, तेव्हा त्यांना ६९ वे वर्ष चालू होते.

विनोबांच्या या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट शिकता येते. वजन घटविणे हा सर्वांसाठी एकच उपाय नव्हे. ज्या वृद्धांची शरीरे मुळातच कृश आहेत, त्यांचे वजन आणखी घटणे धोक्याचे असते. त्यांना पोषक अन्न आणि बळ वाढविणारा व्यायाम यांची आवश्यकता असते. कोणाचे वजन किती असावे आणि कोणी कोणता व्यायाम करावा, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. व्यायाम करताना छातीत दुखू लागले, चक्कर आली किंवा दम फार लागला, तर तत्काळ थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये वृद्धांसाठी एक साधे प्रमाण सांगितले आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. १५० मिनिटे म्हणजे आठवड्याचे पाच दिवस अर्धा अर्धा तास होय. चालताना बोलता येईल, परंतु गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग मध्यम श्रमाचा समजावा. ज्यांना एवढे जमत नाही, त्यांनी पाच मिनिटांपासून प्रारंभ करावा. काहीच न करण्यापेक्षा थोडे करणे केव्हाही चांगले.

या व्यायामांना व्यायामशाळेची गरज नसते. हात न टेकता खुर्चीवरून उठावे व पुन्हा बसावे. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलाव्यात. पाण्याने भरलेली बाटली हातात धरून वर-खाली करावी. आधाराजवळ उभे राहून एका पायावर क्षणभर तोल सांभाळावा. नागपूरच्या उन्हाळ्यात फिरणे पहाटेच उरकावे आणि पाणी भरपूर प्यावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटांवर पाय घसरतो, म्हणून त्या दिवसांत ओसरीवर किंवा घरातच फेऱ्या घालाव्यात.

आहाराविषयीही असेच आहे. नागपूरचे तर्री-पोहे, सांबारवडी, संत्राबर्फी यांची चव सर्वांनाच आवडते. त्यांचा कायमचा त्याग करावयाचे कारण नाही. पण तळलेले व गोड पदार्थ रोजच्या ताटातून काढून सणावारासाठी ठेवावेत. रोज ज्वारीची भाकरी, भरपूर भाजी आणि वरण असावे. ताक, दूध, हरभरा किंवा अंडे यांतून स्नायूंना लागणारी प्रथिने मिळतात. भूक मारून वजन उतरविण्यापेक्षा ताटातील पदार्थ आणि त्यांचे प्रमाण बदलणे अधिक शहाणपणाचे ठरते.

या साऱ्यात घरातील मुलांचा वाटा फार मोठा आहे. आजी उठू लागली की धावत जाऊन तिला खाली बसविणे, हा सेवेचा सोपा प्रकार आहे. तिच्या हाताशी उभे राहून तिला स्वतः उठू देणे, त्यासाठी धीर लागतो. पाण्याचा तांब्या आणून देण्याऐवजी तिच्याबरोबर स्वयंपाकघरापर्यंत जावे. ती सावकाश चालते म्हणून कंटाळू नये, आपला वेग कमी करावा. वाटेतील ओले फडके, विखुरलेले खेळणे, अंधारा जिना यांची काळजी आधीच घ्यावी. आजारात किंवा फार दुखत असताना मात्र तिला विश्रांती द्यावी आणि लागेल ती मदत करावी, हे सांगावयास नकोच.

महालातील त्या घरात असेच काही घडू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आजी खुर्चीवरून दिवसातून दोनदा, पाच पाच वेळा उठू-बसू लागते. ताटातील भात थोडा कमी होतो व भाजी वाढते. पहिल्या आठवड्यात काही फरक दिसत नाही. महिन्याने ती तीन पायऱ्या उतरून तुळशीला पाणी घालते. आणखी काही महिन्यांनी संध्याकाळी नातीचा हात धरून ती गांधीसागर तलावापर्यंत जाते. वाटेत दोनदा थांबावे लागते आणि गुडघा अजूनही थोडा दुखतोच. टेकडीचा गणपती अद्याप दूर आहे. परंतु तलावाच्या काठी बसून ती नातीला विचारते, “उद्या जरा पुढच्या वळणापर्यंत जायचे का?”

नात ‘हो’ म्हणते आणि परतताना, आजीच्या पावलाला पाऊल जुळवून, सावकाश चालू लागते.